लाभांशवाढीची वही : प्रकल्प नोंदी

२६ एप्रिल २०२५

आजपासून ही नोंद सुरू. काम असे की, भारतातल्या ज्या कंपन्या वर्षामागून वर्ष लाभांश (नफ्यातून भागधारकांना दिलेला वाटा) वाढवत आल्या आहेत त्यांची शेअरमागची रक्कम वार्षिक अहवालांतून काढायची आणि एका तक्त्यात मांडायची. निमित्त मावशीचे. ती शाळेतून निवृत्त झाली आहे, वाईला एकटी राहते आणि तिच्या दोन मुदत ठेवी यंदा संपताहेत. ओळखीच्या कोणीतरी तिच्या डोक्यात घातले की डिव्हिडंडवाले शेअर घ्या, घरबसल्या पेन्शन सुरू होते. तिचा फोन आला, "अगं, हे खरं का? तू हिशेबातली, बघून सांग." बघून सांगायचे तर मुळापासून बघायला हवे.

नियम आधीच ठरवून ठेवते, म्हणजे पुढे आवडत्या कंपनीसाठी ते वाकवायचा मोह होणार नाही. आकडा आर्थिक वर्षाचा. अंतरिम (वर्ष चालू असतानाच दिलेला) आणि अंतिम (वर्ष संपल्यावरचा) लाभांशाची बेरीज करायची. विशेष, म्हणजे एखाद्या वर्षी वरून दिलेला, लाभांश वेगळ्या रकान्यात, बेरजेत नाही. बोनस (फुकट मिळालेले जादा शेअर) किंवा शेअरविभाजन (एका शेअरचे अनेक शेअर) झाले असेल तर मागचे सगळे आकडे आजच्या शेअरला जुळवून घ्यायचे. टक्क्यांत दिलेला लाभांश रुपयांत करून घ्यायचा, कारण तो टक्का दर्शनी मूल्यावरचा, म्हणजे शेअरवर छापलेल्या मूळ किमतीवरचा असतो. शेअरचे दर्शनी मूल्य १ रुपया असले की ६,००० टक्के लाभांश म्हणजे ६० रुपये. सुरुवात २०१७-१८ पासून, जमेल तिथे त्याही मागे. मोबाइलवरच्या अ‍ॅपचा आकडा घ्यायचा नाही. का, ते पहिल्याच ओळीत दिसेल.

२७ एप्रिल

पहिली ओळ टीसीएस या टाटांच्या आयटी कंपनीची घेतली, कारण तिथे सगळ्या अडचणी एका जागी भेटतात. कंपनी पहिल्या तीन तिमाहींना अंतरिम लाभांश देते, वर्ष संपल्यावर अंतिम देते आणि एखाद्या वर्षी मध्येच विशेष. २०१७-१८ पासूनचे एकूण आकडे ओळीने लिहिले : ५०, ३०, ७३, ३८, ४३, ११५, ७३ आणि नुकत्याच संपलेल्या वर्षाचे १२६. वरवर पाहणारा म्हणेल, इथे कसली आली शिस्त? एका वर्षी भरघोस, दुसऱ्या वर्षी निम्मे.

आता हे साफ करायला घेतले. २०१८ मध्ये एकास एक बोनस आला, म्हणून पहिले ५० आजच्या शेअरला २५ झाले. २०१९-२० च्या ७३ मध्ये ४० विशेष होते. २०२२-२३ च्या ११५ मध्ये ६७, २०२३-२४ च्या ७३ मध्ये १८, २०२४-२५ च्या १२६ मध्ये ६६. ते बाजूला काढल्यावर उरलेली ओळ अशी : २५, ३०, ३३, ३८, ४३, ४८, ५५, ६०.

एकही वर्ष मागे नाही. सात वर्षांत सरासरी वाढ वर्षाला १३ टक्क्यांच्या थोडी वर. अशी ओळ समोर आली की मला मनापासून आनंद होतो, कारण ही कोणी जाहिरातीत सांगितलेली नसते. ती अहवालांच्या पानांत पडून असते आणि हाताने काढावी लागते.

अ‍ॅपवर काय दिसते, तेही पाहिले. शेअरचा भाव साडेतीन हजारांच्या आसपास धरला तर १२६ रुपयांवर लाभांश-उतारा, म्हणजे लाभांश भागिले भाव, ३.६ टक्के दिसतो. नेहमीच्या ६० रुपयांवर काढला तर १.७. मावशीला "घरबसल्या पेन्शन" सांगणाऱ्याने पहिला आकडा पाहिला असणार. विशेष लाभांश कंपनीच्या मर्जीचा. २०२०-२१ आणि २०२१-२२ या दोन्ही वर्षांत तो आलाच नव्हता.

३ मे

सलग लाभांशवाढीच्या या विचाराचे माहेर अमेरिका, म्हणून एक संध्याकाळ तिकडे घालवली. तिथे सलग किमान २५ वर्षे लाभांश वाढवणाऱ्या एस अँड पी ५०० या मोठ्या कंपन्यांच्या यादीतल्या कंपन्यांचा स्वतंत्र निर्देशांक २००५ पासून आहे. प्रॉक्टर अँड गॅम्बलने यंदा एप्रिलमध्ये सलग ६९ व्या वर्षी वाढ जाहीर केली. कोकाकोला आणि जॉन्सन अँड जॉन्सन ६३ व्या वर्षावर आहेत. तिकडे तिमाही लाभांश पगारासारखा मानला जातो आणि तो कमी करणे ही संचालकांसाठी नामुष्की असते.

तरीही कपात होतेच. औषधदुकानांची साखळी वॉलग्रीन्सने जानेवारी २०२४ मध्ये तिमाही लाभांश ४८ सेंटवरून २५ वर आणला. लेगेट अँड प्लॅटने त्याच वर्षी ४६ वरून थेट ५ वर. दोघांच्या मागे चार-पाच दशकांची सलग वाढ होती. व्हीएफ कॉर्पोरेशनने २०२३ मध्ये हेच केले. एवढी लांब परंपरा असलेल्या कंपन्याही अडखळतात, हे या तक्त्याच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले.

अमेरिकी शेअर वहीत घेत नाही. भारतात राहणाऱ्याच्या लाभांशातून तिकडे २५ टक्के कर आधीच कापला जातो. मग इथे विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचा तपशील, कापलेल्या कराची वजावट मिळवण्यासाठी फॉर्म ६७... मावशीच्या वाट्याला हे लचांड नको.

९ मे

काल एशियन पेंट्सचा निकाल आला आणि आज ती ओळ भरली. ही वहीतली सगळ्यांत शिकवणारी ओळ ठरेल असे वाटते.

२०१३ मध्ये १० रुपयांचा शेअर १ रुपयाचा झाला. त्यानुसार जुळवून, २०१२-१३ पासून : ४.६०, ५.३०, ६.१०, ७.५०, ८.३०, ८.७०, १०.५०, १२, १७.८५, १९.१५, २५.६५, ३३.३०. (२०१६-१७ ला २ रुपये विशेष होते. ते बेरजेत धरले असते तर पुढच्या वर्षी ८.७० ही घट दिसली असती आणि साखळी उगाच तुटली असती.) नोटाबंदी, जीएसटी, टाळेबंदी या सगळ्यांतून ही ओळ चढत राहिली. एकदा नव्हे, प्रत्येक वर्षी.

कालचा आकडा : अंतरिम ४.२५, अंतिम २०.५५, एकूण २४.८०.

म्हणजे ३३.३० वरून २४.८०. चौथा हिस्सा गेला. वर्षाचा नफा जवळपास एक तृतीयांशाने घसरला, शहरी मागणी मंद आहे आणि बिर्ला ओपसने गेल्या वर्षी रंगाच्या बाजारात उतरून विक्रेत्यांपासून सवलतींपर्यंत सगळीकडे झुंज लावली आहे. पण मला थांबायला लावले ते दुसऱ्या आकड्याने. शेअरमागचा नफा सुमारे ५७ होता तेव्हा कंपनीने ३३.३० वाटले, म्हणजे ५८ टक्के. यंदा नफा ३८ च्या घरात आणि वाटप २४.८०, म्हणजे ६५ टक्के. कंपनीने हात आखडता घेतलेला नाही. उलट नफ्यातला मोठा वाटा दिला, आणि तरी भागधारकाच्या हातात कमी पडले.

इथे अमेरिका आणि भारत यांच्यातला फरक लख्ख दिसतो. तिकडे बहुतेक जुन्या कंपन्या शेअरमागच्या रकमेला बांधलेल्या असतात. आपल्याकडे शेअरबाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने मोठ्या कंपन्यांना लाभांश-धोरण जाहीर करायला लावले आहे आणि त्या धोरणांत बहुधा नफ्याचा किंवा मोकळ्या रोख रकमेचा हिस्सा सांगितलेला असतो. हिस्सा ठरलेला, रक्कम नाही. अशा देशात सलग वाढ ही सलग नफावाढीची सावली असते. नफा बसला की ती बसते. म्हणून मी तक्त्यात नवा रकाना घातला आहे : वाटपाचा हिस्सा, म्हणजे लाभांश भागिले शेअरमागचा नफा, टक्क्यांत. हा आकडा पन्नासच्या आसपास असलेली कंपनी एखादे वाईट वर्ष अंगावर घेऊ शकते. नव्वदच्या वर असलेल्या कंपनीकडे तशी सोय नाही.

एशियन पेंट्सची ओळ खोडणार नाही. साखळी तुटलेली ओळ वहीत असणे गरजेचे आहे.

१८ मे

कराचा रकाना. हा घातल्याशिवाय २०२० च्या अलीकडचे आणि पलीकडचे आकडे एकमेकांशेजारी ठेवताच येत नाहीत.

१९९७ साली लाभांश वितरण कर आला. कंपनी लाभांश देताना सरकारला वेगळा कर भरायची आणि भागधारकाला मिळणारी रक्कम त्याच्या हातात करमुक्त असायची. शेवटच्या काळात अधिभार, उपकर धरून हा दर २०.५६ टक्के होता. १ एप्रिल २०२० पासून तो गेला आणि लाभांश भागधारकाच्या उत्पन्नात धरून त्याच्या करटप्प्याने आकारला जाऊ लागला.

परिणाम असा की टीसीएसने २०१८-१९ ला ३० रुपये दिले तेव्हा तिच्या तिजोरीतून सुमारे ३६ रुपये गेले. २०२०-२१ ला ३८ दिले तेव्हा ३८ च गेले. भागधारकाला दिसलेली वाढ ३० वरून ३८, कंपनीने खरोखर वाढवले ते ३६ वरून ३८. पिडिलाइटमध्ये हे आणखी स्पष्ट आहे. २०१९-२० चे ७ रुपये, करासह ८.४४ च्या घरात. पुढच्या वर्षी ८.५०. टाळेबंदीच्या वर्षात फेविकॉलवाल्यांनी लाभांश साधारण होता तिथेच ठेवला होता, आणि तक्त्यात मात्र २१ टक्के वाढ दिसते. कर गेल्यामुळे आलेली वाढ एकदाच येते. तिच्यावरून पुढच्या दहा वर्षांचा दर काढणे घातक आहे, म्हणून मी त्या वर्षीच्या वाढीभोवती चौकट आखली आहे.

२५ मे

आयटीसीचे वर्ष पूर्ण झाले : ६.५० अंतरिम, ७.८५ अंतिम, एकूण १४.३५. मागची ओळ ५.१५, ५.७५, १०.१५, १०.७५, ११.५०, १२.७५, १३.७५. (२०२२-२३ चे २.७५ विशेष वेगळे.) १०.१५ ची उडी दोन कारणांची : कर गेला आणि कंपनीने नफ्याच्या ८० ते ८५ टक्के वाटण्याचे धोरण जाहीर केले. धोरण बदलल्याने आलेली उडीही एकदाचीच. त्यानंतर वाढीचा वेग बघा, यंदा साडेचार टक्क्यांच्या आतबाहेर. जानेवारीत हॉटेलचा धंदा वेगळा झाला, दहा शेअरमागे हॉटेल कंपनीचा एक मिळाला. त्याचा लाभांश आला तर तो याच ओळीखाली पोटओळीत धरावा लागेल.

१ जून

बँका वेगळ्या पानावर. एप्रिल २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना २०१९-२० च्या नफ्यातून लाभांश देऊ नका असे सांगितले. एचडीएफसी बँकेने २०१८-१९ साठी १५ दिले होते, विभाजनानंतरच्या शेअरला ७.५०. मग ती बंदी, २०२०-२१ ला ६.५०, आणि त्यानंतर १५.५०, १९, १९.५०, २२. या खंडाचा दोष व्यवस्थापनाला लावता येत नाही, पण उत्पन्न म्हणून पाहणाऱ्या माणसाला त्या वर्षी पैसे कमी आले हेही खरे. दोन्ही लिहिले.

१५ जून

वाई. लॅपटॉप घेऊन गेले होते. मावशीने तक्ता स्वतः ओळीने वाचला, बोट ठेवून, जशी ती उत्तरपत्रिका वाचत असे. मग सरळ मुद्द्यावर आली. "मला यातून महिन्याला किती मिळतील?"

म्हणून तिच्यासमोरच हिशेब मांडला. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा दर ८.२ टक्के आहे. एक लाखावर वर्षाला ८,२००, दर तिमाहीला २,०५०, पाच वर्षे बदलणार नाही. तेच एक लाख २ टक्के उतारा असलेल्या चांगल्या कंपन्यांत घातले तर पहिल्या वर्षी २,०००. लाभांश दर वर्षी १२ टक्क्यांनी वाढत गेला, कुठेही खंड पडला नाही, तर तो ८,२०० ला पोहोचायला बारा वर्षांहून थोडा अधिक काळ लागेल. १० टक्क्यांनी वाढला तर जवळपास पंधरा. आणि एशियन पेंट्ससारखे एखादे वर्ष आले की त्याहून लांब.

"म्हणजे माझ्या किराण्याचे पैसे यात नकोत."

"नकोत."

"मग हे कुणासाठी आहे?"

मी म्हटले, ज्याला आज पैसे नको आहेत आणि दहा-पंधरा वर्षांनी हवे आहेत त्याच्यासाठी. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ऐंशीच्या पुढे औषधं महाग होतील. योजनेचे ८,२०० तेव्हाही ८,२०० च असतील ना? मग त्यातला एक तुकडा तुझ्या वहीत टाक. मोठा नको." माझ्या मते हा या विषयावरचा सगळ्यांत शहाणा निर्णय आहे, आणि तो तिने कुठलाही सल्लागार न नेमता घेतला. ठेवींतली मोठी रक्कम बचत योजनेत, एक लहान भाग शेअरमध्ये, तोही एकदम नाही.

निघताना तिने काकांची फाइल काढली. कडक कापडी पुठ्ठ्याची, आत एका जुन्या कंपनीची कागदी शेअर प्रमाणपत्रे आणि न वटवलेली लाभांशाची वॉरंटे. काका गेल्यानंतर कोणी त्यांना हात लावला नव्हता. घरी आल्यावर आयईपीएफच्या संकेतस्थळावर काकांचे नाव आणि फोलिओ क्रमांक टाकून पाहिला. लाभांशही तिकडे गेलेला आणि शेअरही. कायदा तसा आहे. लाभांश सात वर्षे उचलला नाही तर ती रक्कम गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधीत (हाच आयईपीएफ) जाते, आणि सलग सात वर्षांचा पडून राहिला तर शेअरही त्या निधीच्या नावे होतात. ते बुडत नाहीत, परत मिळतात, पण वाट लांब आहे. आधी मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद देऊन कंपनीकडून हक्काचे पत्र घ्यायचे. मग आयईपीएफ-५ अर्ज ऑनलाइन भरायचा. त्याची प्रत, नुकसानभरपाईचा बाँड, आगाऊ पावती आणि डीमॅटची (शेअर ठेवायच्या इलेक्ट्रॉनिक खात्याची) क्लायंट मास्टर लिस्ट, म्हणजे खात्याचा तपशील, कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे पाठवायची. कंपनी पडताळणी करते, निधी मंजुरी देतो आणि शेअर मावशीच्या डीमॅटमध्ये येतात. ज्याच्या घरात अशी फाइल आहे त्याने ती या आठवड्यात उघडावी, एवढे मी कळकळीने सांगेन. नवे शेअर शोधण्याआधी आपले स्वतःचे परत आणणे हे पहिले काम.

२२ जून

मावशीचे डीमॅट उघडायला दिले, बँक खाते जोडले, नॉमिनी लावला.

करकापणीचा प्रश्न. यंदाच्या एप्रिलपासून एका कंपनीकडून वर्षाला १०,००० पर्यंत लाभांश आला तर टीडीएस (देतानाच कापला जाणारा कर) नाही. आधी ही मर्यादा ५,००० होती. मर्यादा ओलांडली तर १० टक्के कापतात, पॅन नसेल तर २०. टीसीएसच्या नेहमीच्या ६० रुपयांवर ही मर्यादा गाठायला १६७ शेअर लागतात, पण १२६ आले तर ८० शेअरवरच ती ओलांडली जाते. मावशीचे वय साठच्या पुढे आणि एकूण कर शून्य, त्यामुळे तिने १५एच फॉर्म दिला की कापणी होणार नाही. मात्र तो कंपनीकडे किंवा कंपनीच्या भागधारकांची नोंद ठेवणाऱ्या रजिस्ट्रारकडे द्यायचा असतो, प्रत्येक कंपनीसाठी वेगळा, दर आर्थिक वर्षी नव्याने आणि सांगितलेल्या तारखेच्या आत.

तिचे निवृत्तिवेतन आणि व्याज मिळून १२ लाखांच्या बरेच आत आहे, म्हणजे नव्या करपद्धतीत यंदापासून तिच्या ६० रुपयांतले ६० तिच्याकडे राहतील. माझ्या ३० टक्क्यांच्या टप्प्यात उपकर धरून ४१ रुपये आणि काही पैसे उरतात. २०२० च्या आधी आम्हा दोघींच्या वाट्याचा २०.५६ टक्के कर कंपनीकडूनच सारखा जात होता. निवृत्त माणसासाठी जुन्यापेक्षा आजची रचना न्याय्य आहे, असे मला वाटते.

६ जुलै

आज एकच प्रश्न : हे पैसे कोणाला हवे आहेत म्हणून वाटले जातात?

टीसीएसचे ७१ टक्क्यांहून जास्त शेअर टाटा सन्सकडे आहेत, आणि टाटा सन्सचे सुमारे ६६ टक्के टाटा ट्रस्टांकडे. म्हणजे मावशीच्या खात्यात शेअरमागे ६० रुपये येतात तेव्हा त्याच दराने मोठी रक्कम बॉम्बे हाउसकडे, टाटांच्या मुख्यालयाकडे जाते, तिथून समूहाच्या नव्या धंद्यांना आणि ट्रस्टांच्या धर्मादाय कामांना. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली याच ट्रस्टांपैकी एकाने उभे केले. मोठ्या भागधारकाला दर वर्षी नियमित पैसे लागतात आणि धंद्यात तेवढी मोकळी रोकड तयार होते. या दोन्ही गोष्टी जुळतात म्हणून ती ओळ चढती आहे. कंपनीवर म्हणण्यासारखे कर्ज नाही.

आता वेदांता. २०२२-२३ मध्ये पाच अंतरिम लाभांश, शेअरमागे एकूण १०१.५०. त्या वर्षी ज्यांनी फक्त उतारा पाहिला त्यांना हा खजिना वाटला. पण तिथेही मोठ्या भागधारकाला, लंडनच्या मूळ कंपनीला, पैशांची निकड होती, आणि ती तिच्या डोक्यावरच्या कर्जाची. वाटलेली रक्कम त्या वर्षीच्या नफ्याहून बरीच जास्त होती. पुढच्या वर्षी लाभांश २९.५० वर आला. दोन्हीकडे प्रवर्तकाची, म्हणजे कंपनी ताब्यात असलेल्या मोठ्या भागधारकाची, गरज आहे. एकीकडे ती धंद्याने कमावलेल्या रोकडीतून भागते, दुसरीकडे राखीव गंगाजळीतून. म्हणून वार्षिक अहवालात लाभांशाची टीप वाचून झाली की मी रोख प्रवाहाच्या पानावर जाते. धंद्यातून आलेली रोकड, वजा यंत्रे-इमारतींवरचा खर्च. उरलेल्यात लाभांश बसला पाहिजे, एखाद्या वर्षी नाही, पाच वर्षांच्या बेरजेत.

आकुर्डीची बजाज ऑटो या वहीच्या नियमात बसत नाही आणि तरी तिच्यावर अन्याय होऊ नये म्हणून लिहिते. १४०, १४०, १४०, मग ८०, आणि यंदा २१०. ८० च्या वर्षी कंपनीने शेअरमागे १०,००० रुपये भावाने ४,००० कोटींचा बायबॅक (स्वतःचेच शेअर परत विकत घेणे) केला होता. पैसे भागधारकांकडेच गेले, दुसऱ्या दाराने. मात्र ज्याने शेअर विकले नाहीत त्याच्या हातात रोख आली नाही. आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून बायबॅकची सगळी रक्कम लाभांश धरून करपात्र झाली आहे, त्यामुळे त्या दाराचे करातले आकर्षण गेले.

२० जुलै

हिंदुस्थान युनिलिव्हर, विशेष वगळून : २०, २२, २५, ३१, ३४, ३९, ४२, ४३. एकही घट नाही. पण शेवटचे दोन आकडे पुन्हा वाचले, ४२ वरून ४३. वाटपाचा हिस्सा नव्वदच्या वर, नफा जवळपास जागेवर. साखळी तांत्रिकदृष्ट्या अखंड, वाढ महागाईच्याही खाली. १० रुपये विशेष मिळवून एकूण ५३ झाले, म्हणून बातम्यांत ही ओळ भरघोस दिसली. विशेष वेगळा ठेवण्याचा नियम इथे पुन्हा उपयोगी पडला.

७ ऑगस्ट

पिडिलाइटने काल एकास एक बोनस आणि १० रुपये विशेष अंतरिम लाभांश जाहीर केला. ओळ : ६, ६.५०, ७, ८.५०, १०, ११, १६, २०. वाटपाचा हिस्सा निम्म्याच्या आसपास, कर्ज नगण्य. उतारा मात्र एक टक्क्याच्याही खाली, कारण बाजार या कंपनीला नेहमीच महाग ठेवतो. मावशीच्या ऐंशीनंतरच्या तुकड्यात ही बसते का, यावर माझे मन अजून ठरत नाही. पाऊण टक्क्यावरून सुरुवात केली की चांगली वाढही हाताला लागायला फार वर्षे जातात. तूर्त नाही.

१३ सप्टेंबर

विवरणपत्राची मुदत परवा संपते. माझे भरले. लाभांशाची रक्कम पाच कालखंडांत फोडून द्यावी लागते : १५ जूनपर्यंत, १५ सप्टेंबरपर्यंत, १५ डिसेंबरपर्यंत, १५ मार्चपर्यंत आणि ३१ मार्चपर्यंत. आगाऊ कराचे व्याज त्यावरून ठरते. तक्त्यात जमा तारखेचा रकाना असल्यामुळे काम लगेच झाले.

२४ सप्टेंबर

पिडिलाइटच्या बोनसची रेकॉर्ड डेट (बोनस कोणाला मिळणार हे ठरवणारी तारीख) काल झाली. सगळी ओळ निम्मी केली : ३, ३.२५, ३.५०, ४.२५, ५, ५.५०, ८, १०. ऑगस्टचे विशेष १० आता ५. एचडीएफसी बँकेचाही एकास एक बोनस गेल्या महिन्यात झाला, त्या पानावरचे आकडेही निम्मे. पुढच्या वर्षी ही वही न पाहता कोणी नुसते ताजे आकडे शेजारी ठेवले तर दोन्ही कंपन्यांनी लाभांश अर्ध्यावर आणला असे दिसेल.

१० ऑक्टोबर

टीसीएसचा दुसऱ्या तिमाहीचा अंतरिम काल आला, ११. जुलैतही ११. गेल्या वर्षी दोन्ही वेळा १० होते. २०२५-२६ चा रकाना अर्धा भरला, अंतिम आकडा एप्रिलमध्ये कळेल. आयटी कंपन्यांची वाढ मंद आहे, त्यामुळे ६० च्या वर किती जातात ते पाहण्यासारखे असेल.

मावशीच्या तुकड्यातली पहिली खरेदी झाली, टीसीएस आणि आयटीसी, थोडे थोडे. उरलेली रक्कम मार्चपर्यंत चार हप्त्यांत. एशियन पेंट्सवर नजर ठेवायची आहे, या महिन्याअखेर किंवा पुढच्या महिन्यात अंतरिम जाहीर होईल. गेल्या वेळचे ४.२५ आहेत. काकांच्या शेअरसाठी हक्काच्या पत्राचा अर्ज कंपनीकडे पोहोचल्याची पोच मिळाली, आयईपीएफ-५ त्यानंतर. १५एच दोन्ही कंपन्यांचे भरले, एप्रिलमध्ये पुन्हा भरायचे. पुढची नोंद तिसऱ्या तिमाहीचे निकाल लागले की.